नववा बिट

गेल्या दिवाळीच्या बोनसमधून मी स्वतःच्या हाताने पीसी जोडला. भाग लॅमिंग्टन रोडवरून घेतले आणि कॅबिनेटचा तो अवाढव्य खोका मी आणि धाकट्या भावाने दुपारच्या रिकाम्या लोकलने डोंबिवलीला आणला. मदरबोर्डवर रॅमसाठी चार खाचा होत्या. दोन रिकाम्या ठेवणं मला पाहुण्याच्या ताटात वाट्या रिकाम्या ठेवल्यासारखं वाटलं, म्हणून १६ जीबीच्या चार पट्ट्या घेतल्या. पट्ट्यांच्या खोक्यावर ६००० हा आकडा ठसठशीत छापलेला. बायोसमध्ये जाऊन त्या आकड्याचं प्रोफाइल चालू केलं. पडदा बराच वेळ काळा राहिला, मग विंडोज आलं आणि रॅम खरोखर ६००० वर धावताना दिसली. भाऊ म्हणाला, "दादा, भारी!"

चौथ्या दिवशी पहिला क्रॅश झाला. गेम चालू असताना चित्र गोठलं, आवाज एका जागी अडकून घरघरला आणि मशीन आपोआप रीस्टार्ट झालं. दुसऱ्या दिवशी निळा पडदा आला. मग येतच राहिला. प्रत्येक वेळी कोड वेगळा. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट इन नॉन-पेज्ड एरिया', कधी ग्राफिक्स ड्रायव्हरच्या नावाने शिमगा. विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' अशी ओळ सापडायची. तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. म्हणजे मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण काय, तर मृत्यू.

मी जे जे करतात ते सगळं केलं. ड्रायव्हर काढून पुन्हा घातले. ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा बसवलं. प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नवी लावली. मित्राचा पॉवर सप्लाय दोन दिवसांसाठी उसना आणला. शेवटी विंडोजच नव्याने टाकलं. क्रॅश कधी दिवसातून दोनदा, तर कधी तीन दिवस नाही. असा अनियमित दोष माणसाला देवभोळा करतो. उजव्या बाजूच्या यूएसबीत काही लावलं की क्रॅश होतो, असं मी एक आठवडाभर मनापासून मानत होतो.

मग मला एक पॅटर्न दिसला. क्रॅश जास्त करून भाऊ बसलेला असताना होतात. तो ॲनिमेशन शिकतो, दिवसभर ब्लेंडर उघडून असतो. मी विचारलं, काय डाउनलोड केलंस? कुठला क्रॅक केलेला गेम टाकलास? तो म्हणाला, "मी काहीच केलं नाही, दादा." आता मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकतो आणि एकदाही विश्वास ठेवत नाही. मी पासवर्ड लावला. मी घरी असेन तेव्हाच त्याने बसायचं, असं ठरवलं. बाबांनीही त्याला दोन शब्द सुनावले. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या सबमिशनची फाइल उघडेनाशी झाली. मशीन त्या दिवशी क्रॅशही झालं नव्हतं. फाइल आदल्या रात्री नीट सेव्ह झाली होती आणि सकाळी नुसती कचरा होती. मी काय बोललो? "बॅकअप नाही घेतलास?" त्यानंतर तो माझ्याशी बोलायचा थांबला.

त्या रात्री मी मेमरी तपासणारा प्रोग्राम लावला. तो तासन् तास चालतो. पट्ट्यांच्या प्रत्येक घरात शून्य आणि एक लिहायचे, परत वाचायचे, जुळतात का पाहायचं. झोप येत नव्हती. लॅपटॉप घेतला आणि कॉम्प्युटर बंद का पडतात याचा इतिहास वाचत बसलो.

या इतिहासातला पतंग सगळ्यांना माहीत असतो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू मशीनच्या रिलेत एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला. त्यावरून 'बग' शब्द आला, असं कॉलेजात सांगतात. ते खरं नाही. दोषासाठी 'बग' हा शब्द एडिसन १८७८ मध्येच वापरत होता. ज्यांनी पतंग चिकटवला त्यांनाही विनोद ठाऊक होता, म्हणून तर चिकटवला. मला त्या पतंगाहून एनिॲकचे उंदीर जास्त आवडले.

एनिॲक १९४६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात जगापुढे आलं. त्यात सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. एक ट्यूब गेली तरी उत्तर चुकणार आणि इतक्या ट्यूबांमधली एखादी तर सतत जाणारच, तेव्हा हे मशीन कधी चालणारच नाही, असं अनेक जाणत्यांचं मत होतं. त्याचा मुख्य इंजिनिअर प्रेस्पर एकर्ट तेव्हा पंचविशीतला, म्हणजे माझ्याहून लहान. त्याने पिंजऱ्यात उपाशी उंदीर ठेवले, त्यांच्यापुढे निरनिराळ्या वायरींचे तुकडे टाकले आणि उंदरांना न आवडलेल्या वायरी मशीनमध्ये वापरल्या. पण खरी गंमत त्याने ट्यूबांबाबत केली. ट्यूब बनवणारे सांगत की ही ट्यूब इतका ताण सोसते. एकर्टने त्या आकड्याच्या बऱ्याच खाली त्या चालवल्या. पूर्ण क्षमता वापरायचीच नाही. ट्यूबा बहुतेक चालू-बंद करतानाच जातात हे लक्षात आल्यावर मशीन शक्यतो बंदच करायचं नाही, असंही ठरलं. पुढे एनिॲक न बिघडता सलग ११६ तास चालल्याची नोंद १९५४ ची आहे. आज आपण पाच दिवसांना हसू. तेव्हा ते अचाट होतं, आणि ते खालच्या आकड्यावर समाधान मानून मिळवलेलं होतं.

हे वाचताना टेबलावर माझ्या पट्ट्यांचा खोका पडलेला होता. ६०००. मी नजर वळवली.

पुढचं पात्र रिचर्ड हॅमिंग, बेल लॅब्जमधला गणिती. १९४७ च्या सुमारास त्याला लॅबमधलं रिलेवर चालणारं कॉम्प्युटर शनिवार-रविवारी वापरायला मिळायचं. त्या मशीनला स्वतःची चूक ओळखता येत होती. चूक झाली की इतर दिवशी ते थांबायचं आणि ऑपरेटर येऊन दुरुस्त करायचा. सुट्टीच्या दिवशी ऑपरेटर नसायचा, म्हणून मशीन ते काम सोडून पुढच्या कामाला लागायचं. हॅमिंग सोमवारी यायचा तेव्हा त्याचं काम अर्धवट टाकलेलं असायचं. लागोपाठ दोन आठवडे असं झाल्यावर तो भडकला. चूक झाली हे ज्या मशीनला कळतं, त्याला ती कुठे झाली हे का कळू नये? कळलं तर ती तिथल्या तिथे सुधारू का नये?

चूक ओळखण्याची जुनी पद्धत सोपी आहे. आठ बिट असतील तर सोबत नववा ठेवायचा. एकूण 'एक' सम संख्येत यावेत असा तो भरायचा. वाचताना बेरीज विषम आली तर कुठलातरी बिट फिरला आहे. याला पॅरिटी म्हणतात. सहलीच्या बसमध्ये सर डोकी मोजतात तसं. आकडा जुळला नाही तर कोणीतरी कमी आहे हे कळतं, कोण ते नाही.

'कोण' हे सांगण्यासाठी हॅमिंगने एकमेकांवर चढलेले गट केले. आपल्या सोसायटीच्या इमारतीवर हे बघता येईल. समजा, वॉचमनने रात्री प्रत्येक मजल्यावर दिवे सम घरांत लागलेत की विषम, हे लिहून ठेवलं. शिवाय प्रत्येक उभ्या रांगेसाठीही लिहिलं. नंतर तपासताना फक्त चौथ्या मजल्याचा हिशोब चुकला आणि फक्त तिसऱ्या रांगेचा चुकला, तर फरक ४०३ मध्ये पडला आहे. त्याला ४०३ ची बेल वाजवायचीही गरज नाही. हॅमिंगची रचना यापेक्षा काटकसरी आहे, चार बिटांना तीन जादा बिट पुरतात, पण कल्पना हीच. १९५० मध्ये त्याने ती छापली. आज बँकेचे व्यवहार ज्या सर्व्हरवर चालतात त्यांच्या मेमरीत याच कुळातली युक्ती असते. तिला ईसीसी म्हणतात. मी ऑफिसात लिहिलेला कोड अशाच मेमरीवर पळतो आणि मी कधी तिचे आभार मानलेले नाहीत.

मुंबईतही याच काळात कॉम्प्युटर घडत होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने टिफ्रॅक बांधला आणि तो १९६० मध्ये चालू झाला. २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे आजच्या हिशोबात १० केबी. ती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कड्याचं चुंबकत्व या दिशेला किंवा त्या दिशेला. वीज गेली तरी कडं आपली दिशा धरून बसायचं.

माझ्या पट्ट्यांत तसलं काही नाही. १९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डला जी कल्पना सुचली, तिच्यावर आजची रॅम चालते. एका बिटाला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विजेचा भार असेल तर एक, नसेल तर शून्य. अडचण अशी की हे मडकं गळकं आहे. म्हणून प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावं लागतं, सेकंदातून कित्येकदा, मशीन चालू आहे तोवर. गळतं मडकं सतत भरत राहणं हा आपल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा पाया आहे, हे मला डिग्रीला पाठ होतं. त्या रात्री पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

ही मडकी लहान होत गेली तसा एक विचित्र त्रास सुरू झाला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलच्या मेमरी चिपमध्ये बिट आपोआप फिरत. चिप खराब म्हणावी तर पुन्हा लिहिल्यावर तेच घर ठणठणीत. १९७८ मध्ये तिथल्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी कारण शोधलं. चिप ज्या सिरॅमिकच्या आवरणात बसवतात, त्यात किरणोत्सर्गी द्रव्यांचा अंश होता. त्यातून सुटलेला एक अल्फा कण मडक्यातला भार बिघडवायला पुरेसा होता. असं सांगतात की आवरणं बनवणारा कारखाना नदीकाठी होता आणि नदीच्या वरच्या अंगाला युरेनियमची जुनी खाण होती. कॉम्प्युटर बंद पडतो म्हणून प्रोग्राम तपासणाऱ्या एखाद्या बिचाऱ्याला हे कुठल्या जन्मी सापडलं असतं?

लगेच पुढच्या वर्षी आयबीएमच्या जेम्स झीग्लर आणि येलच्या विल्यम लॅनफर्ड यांनी आणखी लांबचा गुन्हेगार दाखवला. विश्वकिरण. अवकाशातून येणारे कण वातावरणावर आदळतात, त्यातून कणांचा सडा खाली येतो आणि त्यातला एखादा चिपमधला बिट उलटवू शकतो. पुढे आयबीएमने उंचावरच्या लेडव्हिल गावात मेमरी नेऊन मोजलं, तिथे चुका जास्त. जमिनीखाली खोल नेलं, जवळजवळ नाहीत. विश्वकिरणांचा असा सडा कसा पडतो, याचं गणित होमी भाभांनी वॉल्टर हाइटलरबरोबर १९३७ मध्ये मांडलं होतं. टिफ्रॅक बांधणारी संस्था भाभांनीच उभी केली, आणि तिथले शास्त्रज्ञ कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल उतरून हेच कण मोजत होते. कॉम्प्युटर बांधणारे आणि विश्वकिरण मोजणारे एकाच छत्राखाली होते. या दोन गोष्टींचं पुढे असं भांडण निघेल हे तेव्हा कोणाला वाटलं असेल?

२००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक इथे मतदानयंत्राने एका उमेदवाराला ४,०९६ मतं जादा दिली. त्या जागी तेवढी मतं शक्यच नव्हती, म्हणून चूक पकडली गेली. ४,०९६ म्हणजे दोनचा बारावा घात. एक बिट फिरला की नेमका असाच आकडा वाढतो. तपासात प्रोग्रामचा दोष सापडला नाही आणि बोट आकाशाकडे गेलं. खरं सांगायचं तर मला हे वाचून बरं वाटलं. माझाही गुन्हेगार आकाशातला असता तर किती छान. मी नाही, भाऊ नाही, एक तारा.

पण मशीनवरचा प्रोग्राम अजून हिरवाच होता आणि मला एक साधा प्रश्न पडला. हॅमिंगने १९५० मध्ये उपाय सांगितला आहे, तर माझं मशीन गप्प का?

याचं उत्तर मला सगळ्यात जास्त लागलं. १९८१ चा पहिला आयबीएम पीसी गप्प नव्हता. त्याच्या बोर्डवर मेमरीच्या प्रत्येक रांगेत आठ नव्हे, नऊ चिप होत्या. बिट फिरला की तो पडद्यावर 'पॅरिटी चेक' असं लिहून जागीच थांबायचा. उद्धट वाटेल, पण प्रामाणिक होता. नववी चिप म्हणजे मेमरीचा खर्च आठव्या हिश्शाने जास्त. नव्वदच्या दशकात पीसी घरोघर गेला, किमतीची मारामारी सुरू झाली आणि पहिली कुऱ्हाड हिच्यावर पडली. मधल्या काळात तर बाजारात खोट्या पॅरिटीच्या पट्ट्या आल्या. मशीनला नववी चिप हवी असायची, म्हणून तिथे एक स्वस्त चिप बसवायची. ती काहीच लक्षात ठेवायची नाही. विचारलं की समोर जे असेल त्याला जुळणारं उत्तर तिथल्या तिथे बनवून द्यायची, 'सगळं ठीक आहे'. परीक्षेत न वाचता बरोबरच्या खुणा करणाऱ्या मास्तरासारखी. १९९५ मध्ये इंटेलने पेंटियमसाठी आणलेल्या ४३०एफएक्स चिपसेटला तर पॅरिटी तपासताच येत नव्हती. मग नववी चिप घेऊन करायचं काय? ती गेली.

त्यानंतर ईसीसी ही सर्व्हरची चीज झाली. २०२१ च्या सुरुवातीला लिनक्सचा जनक लिनस टोर्वाल्ड्स यावरून इंटेलवर उघड तुटून पडला होता. घरच्या ग्राहकाला ईसीसी लागत नाही, या समजाला त्याने इंटेललाच जबाबदार धरलं. गुगलच्या सर्व्हरांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त मेमरी-पट्ट्यांमध्ये निदान एक तरी चूक झालेली आढळली, आणि त्यांत विश्वकिरणांसारख्या क्षणिक चुकांपेक्षा पट्टीच्याच कायमच्या दोषांचा वाटा मोठा दिसला. म्हणजे तारा निर्दोष. गुगलला हे मोजता आलं, कारण त्यांच्याकडे मोजणारा बिट होता. आपल्याकडे चुका कमी होत नाहीत, आपल्याला फक्त कळत नाहीत. आपल्याला कळतो तो निळा पडदा, नाहीतर सकाळी न उघडणारी फाइल. आणि ज्याला पुरावा मिळत नाही, तो संशय घेतो. घरात संशय घ्यायला माणसं असतातच.

डीडीआर५ पट्ट्यांच्या चिपमध्ये आतल्या आत चूक सुधारायची सोय असते, हे खरं. पण ती चिपच्या आतपुरती. पट्टीपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत काही बिघडलं तर तिला पत्ताही नसतो, आणि आत काय सुधारलं तेही ती आपल्याला सांगत नाही.

पहाटे सव्वातीनला, तिसऱ्या फेरीत, पडदा लाल झाला. अपेक्षित काय आणि मिळालं काय, असे दोन लांबलचक आकडे शेजारी शेजारी. फक्त एका ठिकाणी फरक. मग आणखी एक ओळ. मग आणखी.

पट्टी खराब असेल म्हणून एकेक काढून तपासल्या. चारही चांगल्या. दोन-दोनच्या जोडीनेही चांगल्या. चार एकत्र लावल्या की लाल. तेव्हा मी प्रोसेसरचा अधिकृत तक्ता उघडला, जो पहिल्याच दिवशी उघडायला हवा होता. दोन पट्ट्या असतील तर ५२००. चार असतील तर ३६००. खोक्यावरचे ६००० ही पट्टीची बढाई होती, प्रोसेसरने कधी तसं कबूल केलंच नव्हतं. मी चालू केलेलं ते सुंदर नावाचं प्रोफाइल म्हणजे सरळ सरळ ओव्हरक्लॉकिंग होतं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती मशीनच्या क्रॅशचा अभ्यास केला होता. थोडंसं ओव्हरक्लॉक केलं तरी प्रोसेसरचे बिघाड ठळकपणे वाढतात आणि ठरलेल्या वेगाच्या किंचित खाली चालवलं तर कमी होतात, असा त्यांचा निष्कर्ष. एकर्टला हे १९४५ मध्ये कळलेलं होतं.

आणि माझा पॅटर्न? भाऊ बसला की क्रॅश, कारण मी गेम खेळायचो तासभर आणि त्याचं ब्लेंडर दिवसभर मेमरी भरून चालायचं. तो मशीन जास्त वापरत होता, एवढाच त्याचा गुन्हा. फाइलही तशीच गेली. मेमरीत एक बिट फिरला, फिरलेल्या बिटासकट सगळं व्यवस्थित डिस्कवर सेव्ह झालं, कोणी हूं की चूं केलं नाही.

रॅम ३६०० वर आणली. दोन रात्री तपासणी चालवली, एकही लाल ओळ नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भावाला बोलावून सगळं दाखवलं. तक्ता, लाल ओळींचा फोटो, बायोसमधलं ते प्रोफाइल. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तू केलंस," तो म्हणाला.

"हो."

बाबांना हे मीच सांगायचं, ही त्याची अट होती. सांगितलं. बाबांना बिट आणि पॅरिटी फारसं कळलं नाही, पण पोराला उगाच बोललो हे कळलं, आणि संध्याकाळी ते येताना त्याच्यासाठी वडापाव घेऊन आले. पेनड्राइव्हवर फाइलची पंधरा दिवसांपूर्वीची प्रत सापडली. तिथून पुढचं त्याने पुन्हा केलं. दोन रात्री मीही शेजारी बसलो, उपयोग काही नव्हता, चहा करत होतो. सबमिशन चार दिवस उशिरा गेलं.

चारांतल्या दोन पट्ट्या काढून आम्ही विकून टाकल्या. उरलेल्या दोन ५२०० वर चालतात आणि आजवर क्रॅश नाही. पासवर्ड भावाने बदललाय. मला अजून सांगितलेला नाही.